गप्पा आमच्या, कुलूप त्यांचे!

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, हा माझा दुसरा अपराध. तेव्हा संगणकाच्या वादात मी तोंड घालावे, हा पुष्कळांना अव्यापारेषु व्यापार वाटेल. गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. हल्ली तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत बऱ्या पगारावर आहे. मला म्हणाला, "सर, तुम्ही त्या जुन्या चॅटचं काय घेऊन बसलात? टीमची नवी ॲपं बघा, कशी सुरेख चालतात!" मुलगा लाघवी आहे आणि गणितात पहिल्यापासून हुशार. पण या वेळी त्याचे उत्तर चुकले होते, आणि चुकलेले उत्तर तपासल्याशिवाय मास्तराला झोप येत नाही.

जुने चॅट म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. कारण वाचकांपैकी निम्म्यांनी ते पाहिले नसेल आणि उरलेले विसरले असतील. 1988 च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने 'इंटरनेट रिले चॅट', म्हणजे आय.आर.सी., सुरू केले. एका संगणकाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे निरोप पोचवायचा, अशी ती साखळी. 1991 साली मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा तिथल्या बातम्या याही वाटेने जगभर पोचल्या. 1993 साली त्याचे नियम सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. ते वाचून कोणीही आपला प्रोग्रॅम लिहावा, कोणीही आपला सर्व्हर मांडावा. बोलणे एकमेकांना कळणारच. मुंबईच्या पेटीत टाकलेले पत्र लंडनचा पोस्टमन घरी आणून देतो ना? बर्नला 1874 साली देशोदेशींच्या टपालखात्यांचा जो करार झाला, त्याच्या पोटी ही सोय आहे. लंडनला पत्र पाठवायचे म्हणून तुम्हाला लंडनच्या पोस्टाचे सभासद व्हावे लागत नाही.

2000 च्या सुमारास कोल्हापुरात सायबर कॅफेत तासाला पंचवीस-तीस रुपये मोजून मी ही चैन केली आहे. पडद्यावरून भराभर पळणाऱ्या ओळी, आणि समोरचा कोण हे शेवटपर्यंत ठाऊक नाही! एका गृहस्थाशी मी तासभर रंगांच्या मिश्रणावर तावातावाने बोललो. शेवटी कळले, तो घरे रंगवणारा रंगारी होता. त्याचे ज्ञान माझ्यापेक्षा पक्के होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आता कबुली. तुम्ही हजर नसलात तर त्या गप्पा तुमच्यासाठी थांबत नसत. चित्र सरळ पाठवता येत नसे. टवाळखोरांचा उपद्रव तर फार. मोझिलासारख्या खुलेपणाच्या कैवाऱ्यांनीही 2020 साली आपले आय.आर.सी. बंद केले, त्यात हेही एक कारण होते. परंतु ते गेले कुठे? मॅट्रिक्स नावाच्या दुसऱ्या एका खुल्या पद्धतीकडे! जुने घर गळत होते म्हणून त्यांनी नवे बांधले. कोणाच्या वाड्यात पोटभाडेकरू म्हणून शिरले नाहीत. जुने विरुद्ध नवे असा हा वादच नव्हे. दाराला कुलूप कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

तो मला का छळतो, तेही सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही आठ जणांनी एका ॲपात खोली घेतली. त्याचे नाव इथे घेत नाही. एकमेकांची हस्तलिखिते वाचायची आणि मोकळेपणाने बोलायचे, असा बेत. आमच्यातले वडीलधारे अण्णा. खोली त्यांच्या नावावर. माझ्या कादंबरीच्या एकेका प्रकरणावर त्यांनी दोन-दोन पाने लिहिली. इतक्या प्रेमाने मला कोणी झोडपले नव्हते. तीन वर्षांनी अण्णा गेले. पुढे काही महिन्यांनी खोली उघडेना. मालकांनी नियम बदलले होते. फुकटच्या खोल्यांतले जुने बोलणे अमुक तारखेपूर्वी उतरवून घ्या, नाहीतर पुसले जाईल, अशी सूचनाही रीतसर पाठवली होती. पाठवली होती अण्णांच्या पत्त्यावर!

विद्यार्थी म्हणतो, "सर, आय.आर.सी.वर तरी कुठे साठा राहतो?" बरोबर. सर्व्हरवर राहत नाही. पण ज्याच्या-त्याच्या संगणकावर साध्या मजकुराची नोंद उतरवून ठेवता येते. आठांपैकी एकाने जरी ती ठेवली असती, तरी ती त्याच्या कपाटात असती, परक्याच्या गोदामात नव्हे.

आमचे सोडून द्या. सर्वांना ठाऊक असलेले स्लॅक घ्या. ते ज्यांनी काढले ती मंडळी आधी एक खेळ बनवत होती आणि आपसांत बोलायला आय.आर.सी.च वापरत होती. खोलीच्या नावाआधीची जाळीसारखी खूणसुद्धा तिथलीच. 2013 साली ॲप लोकांपुढे आले. पुढे आय.आर.सी.वाल्यांना आपल्या जुन्या प्रोग्रॅममधूनच आत येता यावे म्हणून दार ठेवले होते. 15 मे 2018 रोजी ते लावून घेतले. नव्या सोयी त्या दारातून मावत नाहीत, हे कारण. गूगल टॉकही 2005 साली जॅबर या खुल्या रीतीवर उभे राहिले. 2013 साली हँगआउट्स आणून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि 2022 साली हँगआउट्सही मिटवले. माणसे जमेपर्यंत दार उघडे, जमली की अडसर! याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणा, पण माझ्याकडून उदोउदो होणार नाही.

उलट 2021 चा मे महिना पाहा. फ्रीनोड या मोठ्या आय.आर.सी. जाळ्याच्या मालकीवरून भांडण झाले. ते चालवणारे स्वयंसेवक उठून बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट उभे केले. वापरणाऱ्यांनी काय करायचे? प्रोग्रॅम तोच, फक्त सर्व्हरचा पत्ता बदलायचा. खोल्याच्या खोल्या उठून गेल्या. मालकाच्या हाती उरला रिकामा वाडा.

"पण कंपनीने पैसे मिळवू नयेत काय?" अवश्य मिळवावेत! मीही कादंबरीचे मानधन घेतो आणि वेळेवर न मिळाल्यास पत्रे लिहितो. पोस्टाच्या तिकिटालाही पैसे पडतातच. पण तिकीट विकल्यामुळे माझी जुनी पत्रे पोस्टमास्तरच्या मालकीची होत नाहीत.

विद्यार्थी हसला. मुकाट्याने लॅपटॉप उघडून आम्हा उरलेल्या सातांसाठी त्याने खुल्या पद्धतीवर एक खोली उघडून दिली, आणि नोंद रोज माझ्या संगणकावर उतरेल अशी व्यवस्थाही केली. दोघेजण अजून आलेले नाहीत. त्यांना ते दिसायला कळकट वाटते.

कादंबरी पुढच्या महिन्यात छापायला जायची आहे. अकराव्या प्रकरणात आईच्या तोंडचे एक वाक्य अण्णांना खटकले होते. कोणते, ते त्यांनी तिथे लिहिले होते. मी ते प्रकरण आतापर्यंत चार वेळा वाचले.