पूर्व किनाऱ्यावर सहाशे नावांची भिंत उभी राहिलीच पाहिजे!



१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे सुटली. अमावास्येसाठी गावी निघालेली माणसं, पोराबाळांसह, बोटीत खचाखच भरली होती. काश्याच्या खडकाजवळ तुफानाने बोट कलंडली. सहाशेवर माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला दुपार उलटली. त्याआधीच रेवसच्या कोळी बांधवांनी होड्यांतली मासळी दर्यात फेकून दिली होती आणि हाताला लागेल त्याला वर ओढलं होतं. या सहाशेंची नावं कोरलेली शिळा आजही धक्क्यावर नाही.

आणि आपण स्मारक म्हणून काय मागतो आहोत? उंची!

अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झालं. खर्चाचा आकडा होता ३,६०० कोटी. गुजरातेत १८२ मीटरचा पुतळा, म्हणून आपला त्याहून उंच हवा, यावरच सगळी चर्चा. पुढे आराखडा बदलला. महाराजांची मूर्ती ८३.२ मीटरवरून ७५.७ मीटरवर आली आणि तलवार ३८ मीटरवरून ४५.५ मीटरवर गेली. एकूण उंची तेवढीच राहिली! महाराज लहान झाले तरी चालतील, आकडा लहान होता कामा नये, असा हा हिशेब आहे. आम्हाला तो महाराजांचा अवमान वाटतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली.

मालवणात काय झालं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. उत्तर म्हणून तिथे आणखी उंच पुतळा आला. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये महाराजांनी स्वतः त्याचा पाया घातला. ज्यांना महाराजांचं स्मारक हवं आहे त्यांनी आधी त्या तटाचे ढासळते चिरे बसवावेत.

रस्त्यांचीही हीच गत. सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर नवे पुतळे नकोत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. तरीही चौक दिसला की चौथरा बांधायची घाई सुटत नाही. मग त्याच पुतळ्याला जाळी लागते, पोलीस पहारा लागतो.

आमची मागणी एकच आहे. बंदराची जमीन मोकळी करून पूर्व किनारा लोकांना द्यायच्या गोष्टी चालल्या आहेत. तिथे बिल्डरांचे मनोरे उठण्याआधी भाऊच्या धक्क्यालगत जागा राखून ठेवा. तिथे काळ्या दगडाची एक भिंत बांधा, माणसाच्या खांद्याएवढी. वाचणाऱ्याला मान वर करावी लागू नये, लहान मुलाचंही बोट अक्षरांवर फिरावं. तिच्यावर 'रामदास'मधल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव हवं. पुढच्या भागात १४ एप्रिल १९४४ ची गोदी. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक जवान गेले. भायखळ्यात त्यांची आठवण जपली आहे. त्याच दिवशी मेलेल्या हमालांची, गोदी कामगारांची, आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायामुलांची नावं मात्र कुणी शोधायची? ती शोधण्याचं काम महापालिकेने आणि बंदर प्राधिकरणाने घ्यावं. रेवसच्या त्या कोळ्यांचीही नावं तिथे हवीत. भिंतीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या असाव्यात आणि तिकीट कधीही नसावं.

एवढ्याने पर्यटक येतील का, असं विचारतात. या शहराने आपली माणसं मोजावीत म्हणून ती भिंत हवी आहे. पर्यटक आले तर त्यांचं स्वागत आहे.

अलिबाग, रेवस, लालबाग, परळ, गिरगाव, कुठल्याही घरात 'रामदास'मध्ये गेलेल्या माणसाची आठवण असेल, तर नाव, गाव, नातं कागदावर लिहा. जुना फोटो असेल तर त्याची प्रत काढा. येत्या १७ जुलैला सकाळी आठ वाजता तो कागद घेऊन भाऊच्या धक्क्यावर या. जे स्वतः येऊ शकत नाहीत, त्यांनी शेजाऱ्याबरोबर पाठवा.