रोगी नव्हे, तुकडा मुंबईस धाडा

उर्से टोलनाक्यावरून सुटलेली मोटार दीड-दोन तासांत खारघरला पोहोचते, आणि टाटा स्मारक केंद्राची कर्करोग-संशोधन संस्था तेथेच आहे. अंतर म्हणावे तर एवढेच. परंतु मावळातील एखाद्या शेतकऱ्यास वा कामगारास फुप्फुसाचा कर्करोग जडला, तर तेथील ज्ञान त्याच्या खाटेपर्यंत येण्यास महिनोन् महिने लागतात. पुष्कळदा ते येतच नाही. आधी खोकला, मग क्षकिरण-चित्रात डाग, मग थुंकीत जंतू सापडले नसताही क्षयाची औषधे! खरी गाठ ओळखू येईतो दुखणे हाताबाहेर गेलेले असते.

फुप्फुसाचा कर्करोग हा एकच एक रोग नव्हे. ईजीएफआर या जनुकात ठरावीक बिघाड असलेल्या गाठी गेफिटिनिबच्या गोळीने आक्रसतात, इतर बहुधा आक्रसत नाहीत, याचा उलगडा 2004 साली झाला. ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारच्या भारतीय रोग्यांत सुमारे चारांपैकी एकाच्या गाठीत हा बिघाड आढळतो. युरोप-अमेरिकेहून हे प्रमाण अधिक आहे. विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियांत तो विशेष दिसतो. साऱ्या वर्गाला एकच धडा लागू पडत नाही, हे आम्ही मास्तरकी केली तेव्हाच शिकलो होतो. वैद्यकाला ते जनुकांनी शिकविले.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी हा बिघाड असलेल्या 350 रोग्यांवर केलेला प्रयोग 2020 साली प्रसिद्ध झाला. नुसती गेफिटिनिब घेणाऱ्यांचा रोग मध्यमानाने 8 महिने आवरला गेला. जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन शिरेतून दिलेल्यांचा 16 महिने. औषधांचा त्रास या दुसऱ्या गटास अधिक झाला, आणि रोग समूळ गेला असेही नाही. परंतु 8 महिने म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्याला विचारावे.

केंद्र सरकारने जुलै 2024 मध्ये कर्करोगाच्या 3 औषधांवरील आयातशुल्क माफ केले. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगावरील ओसिमर्टिनिब आहे. ठीकच झाले. पण ते कोणास द्यावयाचे, हे जनुक-तपासणीवाचून ठरतच नाही! कुलपाला सूट आणि किल्लीला पुरा भाव, असा हा व्यवहार आहे. अनेक जनुकांची एकत्र तपासणी तर गरिबाच्या आवाक्याबाहेरचीच.

वस्तुतः गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसविला की तो टिकतो आणि टपालानेही जातो. मग केवळ तपासणीसाठी रोग्याने, मुलाने व सुनेने परळच्या पदपथावर पथारी पसरावी कशाला? तुकडा मात्र पुरेसा हवा; पहिल्याच तपासण्यांत तो संपला, तर खंगलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचावी लागते. 2012 साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र करून भाव उतरविले. तपासण्यांचे भाव त्याच मार्गाने उतरविता येणार नाहीत, असे आम्हांस वाटत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने मावळापासून आरंभ करावा: तळेगावात वा पुण्यात काढलेला तुकडा किती दिवसांत प्रयोगशाळेकडे निघेल, अहवाल कोणाच्या हाती येईल आणि खर्च कोणत्या खात्यावर पडेल, हे त्याने लेखी जाहीर करावे.