गर्दी चुकविण्याचे शास्त्र

गर्दी चुकविण्याविषयी बोलण्याचा खरा अधिकार कोणाचा असेल, तर तो आम्हा भाईंदरकरांचा. सकाळी भरलेल्या विरार लोकलमध्ये भाईंदरला शिरणे ही कला आहे आणि संध्याकाळी त्याच गाडीतून भाईंदरला उतरणे हा पराक्रम आहे. त्यामुळे आमच्या पश्चिमेच्या बाजूला घरटी एक तरी गर्दीशास्त्री आढळतो. कोणी भाईंदरहूनच सुटणाऱ्या लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवितो, कोणी उलट विरारला जाऊन, खिडकी धरून, बसून परत येतो. पोटासाठी माणूस हे सारे करतो आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. पण मौजेसाठी घराबाहेर पडावे, पैसे मोजावेत आणि तेथेही रांगेत उभे राहावे, हा काय प्रकार आहे, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर 2024 सालच्या दिवाळीत आली.

माझी थोरली बहीण, अक्का, बार्शीला असते. दाजींचे किराणा मालाचे दुकान. पाडव्याची वहीपूजा झाली की दाजी तीन दिवस दुकान बंद ठेवतात आणि तेवढीच काय ती त्यांची वर्षाची सुट्टी. त्या वर्षी भाऊबीज 3 नोव्हेंबरला, रविवारी आली होती. अक्का, दाजी, पुण्यात नोकरी करणारा भाचा श्याम, सूनबाई आणि आठ वर्षांचा नातू अशी मंडळी यायची आणि बुधवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने परतायची. म्हणजे हाती सोमवार, मंगळवार आणि बुधवार. श्यामने आठवडाभर आधीच मोबाईलवर एक तक्ता धाडला. सोमवारी खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका, मंगळवारी गोराईचे वॉटर किंगडम, बुधवारी घोडबंदर रस्त्यावरचे सूरज वॉटर पार्क. खाली टीप होती : “शनिवार-रविवार टाळले आहेत. गर्दी नसेल.”

तक्ता सुरेख होता. त्यात उणीव एवढीच, की तो पुण्यात बसून केलेला होता. आमच्या भाईंदर पश्चिमेला गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती मोठी. ही मंडळी नव्या वर्षाचा मुहूर्त करतात आणि पुष्कळशी दुकाने थेट लाभपंचमीला उघडतात. त्या वर्षी लाभपंचमी होती बुधवारी, 6 तारखेला. तेव्हा श्यामचा सोमवार हा नावाचाच सोमवार. बाजारातली दुकाने बंद, शाळांना सुट्टी, आणि गाठीला बोनस. या दिवशी माणसे घरात बसतील असे मानणे म्हणजे गणपतीत कोकणची गाडी रिकामी मिळेल असे मानण्यासारखे आहे.

वाचकहो, गर्दीचे पहिले सूत्र हे, की वार पाहू नये, पंचांग पाहावे. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असतात, तेव्हा अशा उद्यानांत पाय पसरून फिरावे. जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, की पुढचे काही आठवडे असेच निवांत. उलट डिसेंबर-जानेवारीतला साधा मंगळवार दिसायला गरीब, पण शाळांच्या सहलींच्या बसगाड्या त्याच दिवशी येतात. भारत-पाकिस्तान क्रिकेटचा सामना असेल तर तो दिवस सोन्याचा. घरातल्या पुरुषांची समजूत पटवावी लागते, एवढीच अडचण.

दुसरे सूत्र रांगेचे. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी 1961 साली एक साधा नियम सिद्ध केला. तो आमच्या भाषेत सांगायचा तर असा, की रांगेतली डोकी मोजा आणि मिनिटाला किती माणसे पुढे सरकतात त्याने भागा. पुढे तीनशे माणसे आहेत आणि पाळणा मिनिटाला दहा जणांना घेतो, तर तुमची तीस मिनिटे गेली. तोच पाळणा चार जणांना घेत असेल, तर सव्वा तास. म्हणून रांग लांब आहे का आखूड, हे पाहून घाबरू नये किंवा हुरळू नये. ती सरते किती भराभर, ते पाहावे. बिऱ्हाड मुंबईत थाटलेल्या कोणत्याही गृहिणीला हे रेशनच्या दुकानातच कळलेले असते. लिटलसाहेबांनी ते गणितात बसविले.

तिसरे सूत्र वेळेचे. दार उघडण्यापूर्वी तेथे पोहोचावे आणि आत शिरताच पहिल्या पाळण्यापाशी थांबू नये, कारण सारा गाव तेथेच थांबतो. सरळ टोकाला जावे आणि उलटे येत जावे. जेवण साडेअकराला तरी उरकावे, नाहीतर अडीचनंतर करावे. सारे जग पानावर बसले असताना मोठा झोका गाठावा. मुलांची उंची घरीच मोजून न्यावी. तासभर उभे राहिल्यावर उंचीच्या पट्टीपाशी पोराला परत पाठवितात, तेव्हा जे रडणे होते त्याला तोड नाही.

हा आजार आपल्याकडचाच आहे असेही समजू नका. वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी उघडले, तेव्हा खोटी निमंत्रणे घेऊन इतके लोक आत घुसले, की अपेक्षेच्या दुपटीच्या घरात गर्दी झाली. पुढे 1999 साली त्याच मंडळींनी ठराविक वेळेची चिठ्ठी देण्याची युक्ती काढली. चिठ्ठी घ्या, फिरून या, मग थेट आत जा. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे विचार करून ते शेवटी दवाखान्यातल्या नंबरापर्यंत आले!

हे सारे मी भाऊबीजेच्या दुपारी मंडळींना समजावून सांगत होतो. श्यामने तक्त्यात खाडाखोड चालविली होती. इतक्यात अक्काने विचारले, “आणि ते एस्सेल वर्ल्ड कुठल्या दिवशी रे?”

श्याम म्हणाला, “आई, ते 2022 सालीच बंद झालं.”

अक्का काही बोलली नाही. एस्सेल वर्ल्ड गोराईला 1989 साली उघडले. त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागे, तेव्हा अक्काचे लग्न नवे होते. दर दिवाळीला ती इकडे आली, की निघायची गोष्ट होई आणि दर वेळी दाजी म्हणत, “आता सुट्टीची फार गर्दी असेल, पुढच्या वर्षी जाऊ.” मग श्याम झाला, मग दुकान वाढले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. भाईंदरहून उत्तनमार्गे गोराई ती केवढी दूर! पण पुढचे वर्ष आले नाही आणि उद्यानच मिटले.

दाजी अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, “उद्याचं राहू दे. परवा एका ठिकाणी जाऊ, पण जाऊ. गर्दी असली तर असली.”

त्याप्रमाणे मंगळवारी आम्ही सातहीजण ठाण्याच्या बाजूच्या एका उद्यानात गेलो. माझी सूत्रे मी शक्य तितकी वापरली आणि सकाळचे तीन पाळणे आम्हाला झटपट मिळाले. चौथ्याला मात्र चाळीस मिनिटे रांग लागली. सौभाग्यवती, सूनबाई आणि दाजी पिशव्या सांभाळीत सावलीत बसले, श्याम मुलाला घेऊन पुढे, आणि मागे मी व अक्का. आता आमच्या घरी अक्का आली, की ती सौभाग्यवतीबरोबर स्वयंपाकघरात असते आणि मी बाहेर. “वन्सं, तुम्ही बसा हो,” असे म्हटले जाते, पण वन्सं काही बसत नाहीत. येथे मात्र करंज्या तळायच्या नव्हत्या आणि दारावर कोणी येणार नव्हते. त्या चाळीस मिनिटांत अक्काने मला आईच्या शेवटच्या आजारपणाचे असे काही सांगितले, जे दहा वर्षांत सांगायला तिला सवड झाली नव्हती. रांग सरकत होती आणि आम्ही सरकत होतो. आमचा नंबर आला तेव्हा तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी झोक्यात बसून अशी ओरडली, की नातू टाळ्या पिटू लागला.

बुधवारचे पार्क मग तक्त्यातून आपोआपच गळले. त्याऐवजी आम्ही बस पकडून चौकच्या धारावी किल्ल्यावर गेलो. 1739 साली वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला. तेथे त्यांचा पुतळा आहे आणि खाडीपलीकडे वसईचा किनारा दिसतो. तिकीट नाही, रांग नाही. दाजींनी तेथे डबा सोडला आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत कोणी घड्याळाकडे पाहिले नाही.

या दिवाळीत तुमच्याकडेही पाहुणे येतील आणि कोणी भाचा तक्ता करील. करू द्या. त्याच्या शेजारी पंचांग ठेवा, एका दिवसाला एकच उद्यान ठेवा आणि एक दिवस कोराच सोडा. आणि घरातले कोणी “गर्दी आहे, पुढच्या वर्षी जाऊ” असे म्हणाले, तर हे असे त्यांनी किती वर्षे म्हटले आहे, ते आधी मोजून पाहा. आकडा तीनच्या वर गेला असेल, तर चपला घाला आणि निघा.