डॉक्टरांचे मौन आणि कलम १९

अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, की ते पोलिसांना कळवणे हे पोक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार प्रत्येकाचे कर्तव्य आहे. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका यांना त्यातून सूट नाही. कलम २१ प्रमाणे माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे.

ही तरतूद केवळ कागदोपत्री नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा प्रकरणाने दाखवले. वसतिगृहातील आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर माहिती न दिल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो पुन्हा जिवंत केला. वेळ गेला की वैद्यकीय पुरावाही जातो, हे त्यामागचे साधे कारण. तपासणीसाठी गुन्हा नोंदलेला असण्याची अटही कायद्यात नाही.

अडचण वेगळीच आहे. पोलिसांत नाव जाईल या भीतीने गर्भवती किशोरी भोंदूंकडे वळतात. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच मुभा दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी खबर द्यावी, पण त्यात मुलीची ओळख उघड केली नाही तरी चालेल.

मारहाण, उपासमार, हेळसांड यांचे काय? बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ या क्रौर्याला शिक्षा सांगते. पण ते कळवण्याची पोक्सोसारखी सर्वांवरची सक्ती त्यात नाही. ही उणीव खटकणारी आहे. ती भरून निघेपर्यंत १०९८ ही बालमदतवाणी आरोग्यसेवकांसाठीही खुली आहे.