गाडीची वेळ आणि मैदानाची वेळ

हिवाळ्यातील संध्याकाळी बडनेरा स्थानकाच्या फलाटावर उभे राहावे, म्हणजे आपल्या विद्यापीठाचे जे दर्शन घडते ते कोणत्याही वार्षिक अहवालात घडत नाही. कुरुम, माना, मूर्तिजापूर या बाजूची आणि चांदूर, धामणगाव या बाजूची मुले-मुली अमरावतीची महाविद्यालये आटोपून घाईघाईने येथे पोचतात. अप-डाऊन करणारा विद्यार्थी हा वऱ्हाडाचा खरा विद्यार्थी होय. आणि तो फलाटावर उभा असतो नेमक्या त्याच वेळी, दहा किलोमीटरवर अमरावतीत, महाविद्यालयांची मैदाने भरू लागतात.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम आला की चुरशीला ऊत येतो. घोषणा, ढोल-ताशे, गुलाल, विजयी संघाची मिरवणूक. या चुरशीला नाके मुरडणाऱ्या विद्वानांपैकी मी नाही. ज्या मैदानावर जात विचारली जात नाही आणि चढाई करणाऱ्याला त्याच्या दमाखेरीज दुसरे भांडवल लागत नाही, ते मैदान आम्हां समाजवाद्यांना परके वाटण्याचे कारण नाही. 1 मे 1983 रोजी नागपूरपासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागेही वऱ्हाडाची स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ईर्ष्या होतीच.

शिवाय या भूमीला खेळाची परंपरा उसनी आणावी लागली नाही. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी आणि अन्य देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. (ती कोणाच्या राजवटीत, हे आठवले की अभिमानाला किंचित ठेच लागते, पण तो दोष खेळाडूंचा नव्हे.) आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला तो 1990 साली. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ आधी वऱ्हाडातील तरुणांनी हा खेळ जगापुढे मांडला होता.

मग अडते कोठे? राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाला ‘अश्वमेध’ असे नाव आहे. ज्याने कोणी हे नाव सुचविले त्याने नकळत मर्म सांगितले. अश्वमेधात घोडा फिरतो आणि कीर्ती राजाची होते. महाविद्यालयांच्या चुरशीतही पुष्कळदा ढाल संस्थाचालकांच्या दिवाणखान्याची शोभा वाढविते. तयार खेळाडू ओढून आणण्यासाठी प्रवेशाची दारे सैल होतात, आणि आपल्याच वर्गातील चार मुलांना खेळ शिकवून संघ उभारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ते योग्यच आहे. परंतु बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, त्यावरून या कागदाला केवढे मोल चढले आहे हे दिसते. ज्याला मैदानावर पाऊलच ठेवता येत नाही, त्याची या स्पर्धेतून आधीच गच्छंती झालेली असते.

क्रीडाशुल्क मात्र तो भरतो. कुरुमची मुलगीही भरते. सराव संध्याकाळी, आणि तिला दिवेलागणीपूर्वी घरी पोचावयाचे असते. 2020 च्या टाळेबंदीत पॅसेंजर गाड्या थांबल्या. पुढे सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने, आणि ते भाडे उतरावयास 2024 साल उजाडले. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला तर बंदच पडली. गाड्यांचा हा प्रश्न खेळाचा प्रश्न आहे असे क्रीडा विभागांना कधी वाटले नाही.

हे सांगावयाचे कोणी? 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका संपविल्या. गुणवत्तायादीतील पहिला क्रमांक म्हणजे प्रतिनिधी, आणि खेळाडूंचा प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमावयाचा, अशी व्यवस्था झाली. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण अंमलबजावणी लांबतच गेली. निवडणुकीतील हाणामारीचे कारण तेव्हा पुढे केले गेले. सामन्यांतही हाणामाऱ्या होतात. म्हणून कोणी सामने बंद केले नाहीत!

आपल्या विद्यार्थी कार्यकर्त्यांनी निवेदनांची लांबलचक यादी करण्यापेक्षा दोनच मागण्या धराव्यात. सरावाचा एक तास दुपारच्या तासिकांच्या मध्ये, वेळापत्रकातच घालावा. आणि प्रत्येक महाविद्यालयाने क्रीडाशुल्क किती जमले, त्यातून किती विद्यार्थी प्रत्यक्ष खेळले, त्यांत मुली किती आणि अप-डाऊन करणारे किती, हा हिशेब फलकावर लावावा. सह्या गोळा करावयास महाविद्यालयांच्या दारांत जाण्याचीही गरज नाही. संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर जावे. गाडीला उशीर असतोच.