थप्पड आठवते, स्कूटर आठवत नाही

उन्हाळी शिबिरांच्या दिवसांत मुंबईतल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहा. तासाभरात कुणीतरी बाबा दुसऱ्या बाबांना आचरेकर सरांच्या थपडेची गोष्ट ऐकवतातच. शाळकरी सचिन तेंडुलकर आपला सामना बुडवून वानखेडेवर शारदाश्रम शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला, त्याच्या क्रिकेटच्या या सरांनी त्याला तिथं गाठलं, गालावर एक सणसणीत बसली आणि हातातला डबा उडाला. गोष्ट खुद्द सचिननेच सांगितलेली आहे, तेव्हा तिच्या खरेपणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या शेपटीला लावल्या जाणाऱ्या तात्पर्याबद्दल: खेळाडू घडवायचा तर गुरू कडकच हवा, आणि पोरगं हरून खचलेलं असेल तेव्हा तर दुप्पट कडक हवा.

हे म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. त्यामागचा विचार असा: प्रतिस्पर्धी दया करत नाही, प्रेक्षक करत नाहीत, निवड समिती तर नाहीच. मग प्रशिक्षकाने तरी का करावी? सरावातच बोलणी खायची सवय झाली तर ऐन सामन्यात हात थरथरणार नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. वर पुरावाही तयार असतो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने सांगितलं, की २९ वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. झालं! कौतुक न करणाऱ्या गुरूचा शिष्य शंभर शतकं करतो, आणखी काय हवं?

हाच पुरावा जरा उलटून पाहू. ती थप्पड सचिन शून्यावर बाद झाला म्हणून बसली नव्हती. तो खेळायलाच गेला नव्हता म्हणून बसली होती. (शाळकरी पोरावर हात उगारणं तरीही समर्थनीय ठरत नाही, पण आज त्या थपडेचा दाखला देणारे ती अपयशाच्या खात्यात टाकतात, हा हिशेबच चुकीचा आहे.) त्याच भाषणात सचिनने आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुलाला सामन्यांचा सराव मिळावा म्हणून सर त्याला आपल्या स्कूटरवर बसवून मुंबईभर या मैदानावरून त्या मैदानावर नेत. दिवसभराच्या सरावाने तो थकला की सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो त्याला बाद करील नाणं त्याचं, नाबाद राहिला तर सचिनचं. पाय दुखताहेत, लक्ष उडतंय, समोर सगळी मुलं विकेटसाठी टपलेली. कठीण प्रसंग म्हणतात तो हाच, आणि गुरूने तो शिष्याला झेपेल एवढ्या मापाने, रोज संध्याकाळी, अपमानाचा एक शब्द न वापरता उभा केलेला. स्कूटर आणि नाणं रोजचं होतं. आपण नेमकी थप्पड तेवढी उचलली, कारण तिला मेहनत लागत नाही.

दुसरा दोष पुराव्याच्या निवडीतला आहे. निरोपाचं भाषण टिकलेल्या खेळाडूलाच मिळतं. प्रशिक्षकाच्या शिव्यांना कंटाळून तेराव्या वर्षी ज्याने बॅट माळ्यावर टाकली, त्याच्यापुढे कुणी माइक धरत नाही. अशा गळणाऱ्या मुलांची मोजदाद अमेरिकेत बार्नेट, स्मोल आणि स्मिथ या संशोधकांनी केली. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना हंगामाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. चूक झाली की आधी धीर द्या, मग नेमकं काय सुधारायचं ते सांगा, टोमणे आणि शिक्षा टाळा, एवढाच त्याचा गाभा. पुढच्या हंगामात साध्या प्रशिक्षकांच्या हाताखालची २६ टक्के मुलं खेळायला आलीच नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची गळती ५ टक्के होती. आणि जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे धीर दिल्याने संघ हरत नाही. धाक दाखवल्याने मुलं मात्र जातात.

राहिले टाकीचे घाव. ते सोसायची तयारी दगडाची असते, तशी टाकी कुठे आणि किती मारायची याची अक्कल पाथरवटाची असावी लागते. दगडाला चीर गेलेली दिसली की तो आधी हात थांबवतो. आपल्या मैदानांवर नेमक्या चिरेवर घण घालण्यालाच गुरुत्व समजलं जातं.

आता उलट्या बाजूच्या लोकांकडे वळू, कारण थपडेला विरोध करणारे बहुतेक जण भाषणाच्या आहारी जातात. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला आणि जोशपूर्ण बोलणं म्हणजेच प्रशिक्षण, असा समज गावोगाव पक्का झाला. ‘तू वाघ आहेस’, ‘तुला सगळं जमतं’, ‘हरलास तरी काही बिघडत नाही’. शेवटचं वाक्य तर खेळाडूला सरळसरळ खोटं वाटतं, कारण चार वर्षं राबलेल्या माणसाचं हरल्याने खूप काही बिघडलेलं असतं. खेळाच्या घड्याळातही अशा भाषणांना जागा नाही. बॅडमिंटनमध्ये एका खेळाडूचे ११ गुण झाले की जास्तीत जास्त एक मिनिट मिळतं. मॅटवरच्या कुस्तीत तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये ३० सेकंद. तेवढ्यात पाणी प्यायचं, घाम पुसायचा, श्वास जागेवर आणायचा आणि उरलेल्या वेळात ऐकायचं.

त्या वेळात घाईघाईने तंत्र सांगणारेही असतात: कोपर वर घे, पाय जवळ आण, मनगट सैल सोड. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फवर केलेले प्रयोग यांच्यासाठी आहेत. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू ढकलताना स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. त्याच सूचनेचा नवख्यांना मात्र फायदा झाला. हातात मुरलेली गोष्ट दडपणाखाली डोक्याने चालवायला घेतली की ती अडखळते. म्हणून निर्णायक गुणाच्या वेळी पाच दुरुस्त्या सांगणारा प्रशिक्षक, त्याचा हेतू कितीही चांगला असो, खेळाडूच्या अडचणीत भर घालत असतो.

मग चांगला प्रशिक्षक कठीण क्षणी करतो काय? माझं उत्तर एका वाक्यात आहे: तो खेळाडूच्या डोक्यावरचं ओझं स्वतःकडे घेतो, आणि खेळाडूकडे फक्त पुढची एक कृती ठेवतो. एरवीची शिस्त, सराव, शिकवणं हे सगळं या क्षणाची पूर्वतयारी असतं.

त्या पूर्वतयारीचा उत्तम नमुना प्रशिक्षक जॉन वुडन. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलँड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल सरावाला जाऊन बसले. वुडन यांच्या नावावर तोवर नऊ राष्ट्रीय विजेतेपदं होती, दहावं त्याच हंगामात आलं. दोघांनी त्यांच्या शिकवण्याच्या २,३२६ कृतींची नोंद केली. जवळपास तीन-चतुर्थांश कृती म्हणजे निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. नुसती शाबासकी आणि नुसती नाराजी, दोन्हींचा वाटा अगदी थोडा. रागावलेच तर त्याला जोडून लगेच योग्य कृती दाखवत आणि पुढे जात. अशा सरावातून आलेल्या खेळाडूला अंतिम सामन्यात भाषण लागत नाही. एक आठवण पुरते.

ओझं घेण्याचा खरा कस मात्र निर्णयात लागतो. अटलांटा ऑलिंपिक, १९९६, जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी. अमेरिकेच्या १८ वर्षांच्या केरी स्ट्रगचा घोटा पहिल्या व्हॉल्टमध्ये दुखावला. प्रशिक्षक बेला कारोली कडेवरून ‘तुला जमेल’ असं ओरडत राहिले. ती धावली, उडी मारली, एका पायावर तोल सावरला आणि कोसळली. कारोलींनी तिला उचलून पदकमंचाकडे नेलं, जगाने टाळ्या वाजवल्या. नंतर गुण जुळवले तेव्हा दिसलं, की त्या उडीवाचूनही सुवर्ण अमेरिकेचंच होतं. पुढच्या वैयक्तिक अंतिम फेऱ्या स्ट्रगला खेळता आल्या नाहीत. दुखऱ्या पायाच्या पोरीवर निर्णय सोपवून वरून प्रोत्साहन देणं, याला आपण हिंमत वाढवणं म्हणतो.

आता टोकियो, २०२१. हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे हेच सिमोन बाइल्सला उमगेना. एका व्हॉल्टनंतर तिने सांघिक अंतिम फेरी सोडली. सेसिल आणि लॉरां लांडी या तिच्या प्रशिक्षकांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. अमेरिकेला रौप्यावर थांबावं लागलं, बाइल्सवर ‘पळपुटी’ म्हणून टीका झाली. त्याच स्पर्धेत ती बीमवर परतली आणि कांस्य घेऊन गेली. २०२४ च्या पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलं. ‘लाड केले तर पदकं कुठून येणार?’ असं विचारणाऱ्यांनी ही यादी वाचावी.

पूर्वतयारी आणि निर्णय यांच्या जोडीचं तिसरं काम हरल्यानंतरचं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०२२ मध्ये कैरोच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत चौथा आला. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना ७.६ चा एक नेम गेला आणि पुन्हा चौथा. नेमबाजाला अशा एका गोळीने वर्षभर छळावं, इतकी ती वाईट असते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याला कांस्य मिळालं. काळजाचे ठोके वाढलेले असताना आपण श्वास सांभाळला आणि वेगळं काही करायला गेलो नाही, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्याच्या शब्दांत दुसऱ्या आईसारख्या. दोन चौथ्या क्रमांकांनंतरही ‘वेगळं काही न करण्याचा’ विश्वास टिकतो, तेव्हा त्यामागे सोबत न सोडणारं माणूस असण्याचं मोल कळतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मग शिस्तीचं काय? शिस्तीशी माझं भांडण नाहीच. नेमबाजीचे प्रशिक्षक जसपाल राणा कडक म्हणूनच ओळखले जातात. टोकियोआधी त्यांचं आणि त्यांची शिष्या मनू भाकरचं बिनसलं, २०२३ मध्ये मनूने त्यांनाच पुन्हा बोलावलं, आणि पॅरिसमध्ये मैदानात प्रवेश नसलेले राणा प्रेक्षकांत बसून राहिले. दोन पदकं आली. कडक माणूसही आधार देऊ शकतो. अट इतकीच, की कडकपणाचा रोख कामावर हवा, माणसावर नको.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपल्या बहुतेक प्रशिक्षकांकडे पन्नास-साठ मुलं, मानधन तुटपुंजं, आणि नोकरी पुढच्या पदकावर टांगलेली. ज्याच्या स्वतःच्याच डोक्यावर एवढं ओझं, तो दुसऱ्याचं कसं घेईल? म्हणूनच दोष एकट्या प्रशिक्षकाचा नाही. पुरस्कार, बढती आणि कंत्राट केवळ पदकांच्या संख्येवर ठरवणारी संघटना त्याला थप्पड उगारायला भाग पाडते. तिने निदान आणखी एक आकडा मागवावा: गेल्या वर्षी आलेल्या मुलांपैकी यंदा किती परत आली. आणि पालकांनी अकादमी निवडताना भिंतीवरच्या करंडकांआधी पराभवानंतरचा पहिला सराव पाहावा. तिथे प्रशिक्षक कालच्या चुकीची कृती पुन्हा करून दाखवत असेल तर फी भरा. चारचौघांत मुलाची खरडपट्टी काढत असेल तर पोराला घेऊन घरी या, त्याने कितीही नावाजलेले खेळाडू घडवले असले तरी.