चालत्या यंत्रांचे निर्लेखन

महाविद्यालयाच्या खरेदी समितीच्या बैठका सहसा लेखाचा विषय व्हाव्यात अशा नसतात. दरपत्रके उघडायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराखाली सह्या करायच्या आणि चहा घेऊन उठायचे, असा त्यांचा क्रम असतो. परंतु काही दिवसांपूर्वी आमच्या समितीपुढे संगणक कक्षातील चोवीस यंत्रे डेडस्टॉकमधून कमी करण्याचा, म्हणजे निर्लेखित करण्याचा, प्रस्ताव आला. ती बंद पडली आहेत काय, असे मी सहज विचारले. "नाही सर, सगळी चालू आहेत, पण आता ती चालणार नाहीत," असे उत्तर मिळाले. हे विधान आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना कितपत मानवेल याची मला शंका आहे. संगणकाच्या व्यवहारात मात्र ते खरे ठरले आहे, आणि त्याचे कारण तांत्रिक असण्यापेक्षा अधिक आर्थिक आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. देखभाल संपली म्हणजे संगणक त्या दिवशी बंद पडला असे नव्हे. प्रणालीत नव्याने आढळणारी सुरक्षेची भगदाडे बुजविण्यासाठी कंपनी दरमहा ज्या दुरुस्त्या पाठवीत असे, त्या सर्वसाधारण ग्राहकाला आपोआप मिळणे थांबले. यावर कंपनीने सुचविलेला मुख्य मार्ग म्हणजे ‘विंडोज ११’कडे वळणे. अधिकृत ‘विंडोज १०’ असलेल्यांसाठी ती बढती विनामूल्य ठेवण्यात आली, हेही नमूद केले पाहिजे. पण ५ ऑक्टोबर २०२१ रोजी अवतरलेल्या या नव्या प्रणालीने यंत्राविषयी काही अटी घातल्या. गुप्त किल्ल्या जपून ठेवणारी ‘टीपीएम २.०’ ही व्यवस्था यंत्रात हवी आणि प्रोसेसर कंपनीने प्रसिद्ध केलेल्या यादीत हवा. इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर या यादीबाहेर राहिले. आमची यंत्रे २०१७ च्या मध्यावर घेतलेली, सातव्या पिढीची. ज्या प्रणालीसह ती विकत घेतली, तिची वारसदार त्यांना दारात उभे करीत नाही.

कंपनीची बाजू अगदीच लंगडी आहे असे नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती दोनच महिने आधी, मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते प्रामुख्याने बळी पडले. तेव्हा दुरुस्त्यांवाचून संगणक चालू ठेवावा असा सल्ला कोणीही जबाबदार माणूस देणार नाही. यंत्रातच सुरक्षेची सोय असणे बरे, हेही मान्य. प्रश्न आहे तो ती सोय नसलेल्या, पण धडधाकट असलेल्या यंत्राची दुरुस्ती कोणत्या अटींवर आणि कोणत्या दराने मिळावी, हा.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रोनाल्ड कोस यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. टिकाऊ वस्तू आणि मक्तेदारी यांच्या संबंधावर त्यांनी १९७२ मध्ये एक छोटा निबंध लिहिला. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्यानेच पूर्वी विकलेला माल, हे त्यातून निष्पन्न होते. लोखंडी कपाट घेतलेला गृहस्थ वीस वर्षे दुसरे कपाट घेत नाही. विजेच्या दिव्यांच्या उत्पादकांनी १९२४ मध्ये संगनमत करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले, ते याच अडचणीतून सुटण्यासाठी. सॉफ्टवेअर तर झिजतही नाही, गंजतही नाही. त्याचा जुनेपणा निसर्ग ठरवीत नाही, म्हणून तो कोणाला तरी दिनदर्शिकेवर ठरवावा लागतो. दिव्यांच्या कारखानदारांना निदान दिव्याची तार बदलावी लागली होती!

आता त्याच दुरुस्त्यांच्या दरांकडे पाहू. मूल्यभेदाचे प्रकरण शिकविताना मी आजवर रेल्वेचे वर्ग आणि घरगुती व औद्योगिक विजेचे दर ही उदाहरणे देत आलो. यापुढे हे देईन. ‘विंडोज १०’च्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ नंतरही तयार होत राहणार हे कंपनीनेच सांगितले होते. व्यापारी संस्थांना त्या पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर भरून घेता येतील, पुढील प्रत्येक वर्षी हा दर दुप्पट होईल आणि हा क्रम जास्तीत जास्त तीन वर्षे चालेल, असे जाहीर झाले. घरगुती ग्राहकाला एका वर्षासाठी ३० डॉलर दर सांगण्यात आला. ते द्यायचे नसतील तर आपल्या संगणकातील मांडणी कंपनीच्या खात्यात साठवू द्यावी, म्हणजे पैसे पडणार नाहीत, अशीही सवलत ठेवण्यात आली. युरोपातील ग्राहक संघटनांनी या अटीला हरकत घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांपुरती ती अट काढून घेण्यात आली. शैक्षणिक संस्थांसाठी तीन वर्षांचे दर यंत्रामागे अनुक्रमे १, २ आणि ४ डॉलर ठेवण्यात आले.

दुरुस्ती एकच. ती तयार करण्याचा खर्च झालेलाच आहे. आणखी एका यंत्राला ती पुरविण्याचा सीमांत खर्च शून्याच्या जवळ. तरीही तिची किंमत काही ठिकाणी शून्य, काही ठिकाणी एक आणि काही ठिकाणी एकसष्ट. ग्राहकाची गरज आणि त्याचा आवाज यांवरच हा फरक अवलंबून आहे. शिवाय ही वस्तू निव्वळ खासगी उपभोगाची नाही. माझ्या शेजाऱ्याने लस टोचून घेतली तर माझे संरक्षण होते, तसेच त्याच्या संगणकाची दुरुस्ती झाली तर माझ्या संगणकाला असलेला धोका कमी होतो. ज्या वस्तूचे बाह्य परिणाम इतके व्यापक आहेत, तिचा पुरवठा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडणे हे अर्थशास्त्राला धरून नाही. युरोपातील ग्राहकांना संघटनेच्या बळावर जे मिळाले ते आपल्याकडे कोणी मोठ्या आवाजात मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आमच्या समितीपुढचा हिशेब मात्र मला मांडता आला. चोवीस यंत्रांसाठी शैक्षणिक दराने तीन वर्षांचे १६८ डॉलर होतात, म्हणजे सुमारे पंधरा हजार रुपये. एवढ्यात एक नवा संगणकही येत नाही. नव्या चोवीस यंत्रांचा अंदाज दहा लाखांच्या घरात होता. पुरवठादाराने आपल्या पत्रात पहिला आकडा कोठेही दिलेला नव्हता, याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही; तो नवे संगणक विकतो. त्यातच २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची मागणी इतकी वाढविली की सर्वसामान्य खरेदीदारासाठी तिचे भाव कडाडले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसायच आवरता घेण्याचे जाहीर केले. जुनी यंत्रे घाईने टाकून देण्याला याहून गैरसोयीचा मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

संगणकाची हौस असणाऱ्या तरुणांचे म्हणणे याहून वेगळे आहे. त्यांच्यापैकी काहीजण अटींची तपासणी चुकवून जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसवितात. अशा यंत्राला दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, त्यामुळे संस्थेने हा मार्ग धरू नये. दुसरे म्हणतात, लिनक्स घ्या. जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवायची, ‘मिंट’ किंवा ‘उबुंटू’ घालायचे, आणि आठ वर्षांचे यंत्र पुन्हा तरतरीत होते. माझ्या एका विद्यार्थ्याने हा प्रयोग माझ्याच घरच्या संगणकावर करून दाखविला आणि गेले वर्षभर मी त्यावरच काम करीत आहे. मराठी टंकलेखनही त्यात उत्तम होते.

तथापि हाच उपाय आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांना सुचविला तेव्हा त्यांनी मुकाट्याने कपाट उघडून दाखविले. फीचा हिशेब टॅलीवर, आणि टॅली विंडोजवर. प्रश्नपत्रिका, ठराव, सेवापुस्तकांची पत्रे ही सारी युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मागे लावायचे डोंगल, ते एकच आणि तेही एका जुन्या यंत्राला लावलेले. वीस वर्षांच्या नोंदी अशा अडकलेल्या असताना ‘प्रणाली बदला’ हे सांगणे सोपे असते. म्युनिक शहराने सुमारे पंधरा हजार संगणकांवर लिनक्स आणण्याचा उद्योग २०१३ पर्यंत पुरा केला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, यावरून या अडचणीची कल्पना येईल. उलट केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर टिकले. कारण तेथे शासनाने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि आपल्या पाठ्यक्रमाला साजेशी उबुंटूवर आधारित प्रणाली तयार करण्यावर सातत्याने पैसा व माणसे खर्च केली.

आपल्या कायद्यातही एक मोठी फट आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी टाकाऊ उपकरणांची जबाबदारी उपकरणांच्या उत्पादकावर टाकली. पण ज्याच्या निर्णयामुळे चालू उपकरण टाकाऊ ठरते, त्या सॉफ्टवेअर-निर्मात्याचा त्या नात्याने तेथे कोठेच संबंध येत नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल फोनसाठी नियम केला की, विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट मिळाले पाहिजेत. फोनला जे लावता येते ते संगणकाला लावता येऊ नये असे काही नाही.

आमच्या समितीपुरते सांगायचे तर, सोळा यंत्रे शैक्षणिक दराने दुरुस्त्या घेऊन चालू ठेवायची आणि आठ यंत्रांवर संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिनक्स बसवायचे, असे ठरले. कार्यालयातील मराठी कागद युनिकोडमध्ये आणण्याचे काम उन्हाळ्याच्या सुटीत होईल, निदान सुरू तरी होईल. त्याखेरीज पुढील दरपत्रकांसाठी मी एक ओळ घालून घेतली: सोबतच्या प्रणालीला कोणत्या तारखेपर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतील, ते लेखी द्यावे. एका छोट्या खरेदीसाठी तीन दरपत्रके आली. दोहोंत ती जागा कोरी होती. तिसऱ्या पुरवठादाराने दूरध्वनी करून विचारले, "सर, हे नेमके कुणाला विचारायचे असते?"